आत्याच्या मांडीतले दोन तुकडे

साधना आत्या चालता चालता बसायची. हिवरखेडच्या आमच्या मळ्यातून फुलांचं डालं डोक्यावर घेऊन निघाली, की शेताच्या बांधाचा धुरा ओलांडायच्या आत तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. ती डालं खाली ठेवायची आणि पाय धरून बसायची. चेहरा असा व्हायचा, की कुणी आतून पिळतंय. मग थोड्या वेळानं उठायची आणि त्यानंतर मात्र रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून बाजारापर्यंत सगळ्यांच्या बरोबरीनं चालायची. लोकांना पटायचं नाही ते हेच. पाय दुखतात तर दिवसभर दुखायला हवेत. घडीभर कळवळायचं आणि मग खुशाल चालू लागायचं, याला गावात एकच शब्द होता. नाटक.

ती माझ्या वडिलांची, शेखर यांची, धाकटी बहीण. आम्ही माळी. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. माझे आजोबा नत्थुजी, त्यांना मी आबा म्हणते, पहाटेपासून मळ्यात असायचे. आजारी माणसावर त्यांचा राग नसायचा. तापानं फणफणलेल्या गड्याला त्यांनी स्वतः सायकलवर घालून दवाखान्यात नेलेलं आहे. पण अंग थंड, जीभ स्वच्छ आणि तरी माणूस बसलेला दिसला, की त्यांचं डोकं फिरायचं. आत्याचं अंग कायम थंड असायचं आणि ती कायम बसलेली असायची.

शाळेत गुरुजींनी तिला एकदा उठाबशा काढायला लावल्या. काही काढल्या आणि ती खाली गेली ती वर आलीच नाही. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, तिच्या आईनं घरी आणून तेल चोळलं तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाय सरळ होईनात. त्यावरून पोरींनी तिचं नाव ‘बसकी’ ठेवलं. नाव कायमचं चिकटलं.

लग्न पातूरला झालं. किशोर नावाचा शांत माणूस, भाजीपाल्याची वाडी, घरात सासू. वाडीच्या कोपऱ्यावर हापशी होती. सकाळी गल्लीतल्या बाया तिथं रांगेनं उभ्या असत आणि नवी सून म्हणून आत्याला जोरानं, न थांबता हापसावं लागे. हळूहळू हापसून, मधे थांबून, पुन्हा हापसलं तर तिला जमायचं. हे तिचं तिलाच समजलं होतं. पण मागं रांग उभी असताना थांबणार कशी? एके दिवशी दांडा धरलेला असतानाच तिचे हात आखडले. बोटं दांड्याला अशी घट्ट बसली, की सोडवता येईनात. ती तिथंच गुडघ्यावर आली. बाया ओरडल्या, किशोर धावत आला.

सासूनं दारातूनच सांगितलं, “काही नाही बापा. अंगचोर हाये ते. काम दिसलं का हिचे हात आखडते, अन् ताट दिसलं का मोकळे होते.”

किशोरनं मात्र तिला अकोल्याला नेलं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात जे वाढतं, ते तिच्या रक्तात खूप वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघू. आत्या तेव्हा एकवीस-बावीसची असेल. मांडी कापायची म्हटल्यावर कुणीही घाबरेल, पण ती खूश झाली होती. हे तिनंच मला पुढं सांगितलं. म्हणाली, “मले वाटलं, आता दिसन. अंदर काय हाये थे डोयानं दिसन सगळ्याले.”

काहीच दिसलं नाही. रिपोर्टात लिहून आलं, की स्नायूत किरकोळ बदल आहेत, पण दुखण्याशी त्यांचा संबंध जोडण्यासारखं विशेष काही नाही. डॉक्टरांनी मनावरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सुनेला जरा मायेनं वागवा म्हणाले.

सासूनं तो कागद शेजारी वाचून घेतला आणि मग तोंडानं सगळ्या गल्लीला सांगितला. “मांडी फाडून पाह्यली डाक्तरनं. काही नाही निंगालं. आता तरी मानसान का नाही?”

त्याआधी लोकांना नुसता संशय होता. आता पुरावा मिळाला. वर्षभरात चारचौघं बसले, फारकत झाली आणि आत्या तिची पेटी घेऊन हिवरखेडला परत आली. आबा तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. आजी, म्हणजे पार्बताबाई, तिला जेवायला वाढायची आणि पदर डोळ्याला लावायची. एवढंच.

मी मोठी झाले ती आत्याच्या शेजारी बसून. ती ओसरीवर हार गुंफायची. बसून करायच्या कामात तिचा हात कुणाला धरवत नसे. शेवंतीची वेणी करताना बोटं दिसायचीच नाहीत. गावातल्या लग्नांचे हार तिच्याकडूनच जायचे. पण डालं उचलायचं म्हटलं, की ती इकडं तिकडं बघायची आणि कुणीतरी “बसकी” म्हणून हसायचं. मी कॉलेजात असताना एकदा तिनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, “वर्षाली, तू शिकलेली हायेस. सांग बरं. मले खरंच दुखते का वं? का मलेच वाटते?”

ज्या बाईनं इतकी वर्षं ते सोसलं, तिलाच आता आपल्या दुखण्याची खात्री राहिली नव्हती.

पुढं मी अमरावतीला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. साईनगरात दोन खोल्या घेतल्या. आणि मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर ते घडलं.

झेंडूची तोड चालू होती. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता आणि फुलांनी भरलेला छोटा हत्ती टेम्पो मळ्याच्या तोंडाशी काळ्या मातीत रुतला. चाकं जागच्या जागी फिरत होती, चिखल उडत होता. गडी, माझे वडील, शेजारचे दोघं, सगळे मागून रेटत होते. आत्या बाजूला उभी होती.

आबा ओरडले, “साधे, हात लाव! फुलं सडून जातीन इथंच.”

“बाबा, मले नाही जमत.”

“उभी राहून जमते का मंग? पूजा करून राहिली का गाडीची?”

गडी हसले. आत्यानं पदर खोचला आणि ती गाडीला भिडली. वडील सांगतात, तिनं असा जोर लावला की तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. गाडी हलली, निघाली. सगळ्यांनी हाळी दिली. मागं वळून पाहिलं तर आत्या चिखलात पालथी पडलेली. हात कोपरात वाकलेले, मांड्या ताठ, तोंडातून जनावरासारखा आवाज. आबा म्हणाले, “पाणी मारा तोंडावर, उठन आता.” पाणी मारलं. ती उठली नाही. तिला बाजेवर घालून घरी आणलं.

दिवेलागणीच्या आधी ती कशीबशी न्हाणीत गेली आणि आतून तिनं आईला हाक मारली. आजी आत गेली. न्हाणीच्या फरशीवर लघवी होती. ती लाल नव्हती, पिवळी नव्हती. बिनदुधाचा चहा उकळून उकळून काळा होतो, तशी होती. आजीच्या हातातला तांब्या पडला. ती भिंतीला धरून खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून नुसती बघत राहिली. माझ्या आईनं विचारलं, “काय झालं?” तर आजीनं नुसतं फरशीकडे बोट दाखवलं.

वडिलांनी गाडी काढली आणि तिला सरळ अकोल्याला नेलं. रक्त पाहून तिथले डॉक्टर बाहेर आले ते घाईतच.

“काय उचललं यांनी?”

“काही नाही. गाडी ढकलली जी.”

“एकटीनं?”

“नाही. सगळ्यांनीच.”

“मग बाकीचे कसे आहेत?”

वडील गोंधळले. “बाकीचे घरी जेवून राह्यले.”

मग डॉक्टरांनी सांगितलं, की हिचे स्नायू आतून फुटलेत. त्यातून सुटलेलं रक्तात मिसळलंय, ते लघवीतून जातंय आणि जाता जाता मूत्रपिंडं बंद पाडतंय. डायलिसिस लागेल. ताबडतोब.

मी अमरावतीहून पोचले तेव्हा आत्या सुजलेली होती. मांड्या एवढ्या फुगल्या होत्या, की मला तिच्या वाटेनातच. माझा हात धरून तिनं पहिलं काय विचारलं असेल? “फुलं गेली का वं वेळेवर?”

मूत्रपिंडं हळूहळू पुन्हा चालू झाली. ती वाचली. घरी सोडताना अकोल्याचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गाडी ढकलून असं होत नसतं, याच्या मागं काहीतरी आहे, मज्जातंतू आणि स्नायूंच्या तज्ज्ञाला दाखवा. म्हणून मी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं आणि डॉ. करिश्मा गावंडे यांच्याकडे घेऊन गेले. सोबत आजी आली. आजी त्या दिवसापासून फार कमी बोलत होती.

गावंडे मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी जुना रिपोर्ट वाचला, नवे वाचले आणि मग सगळं बाजूला ठेवून आत्याकडे वळल्या.

“ताई, चालायला लागल्यावर पाय दुखतात. तुम्ही थांबता. थोड्या वेळानं परत चालायला लागलात, तर काय होतं?”

आत्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. कारण याच गोष्टीसाठी ती आयुष्यभर खोटी ठरली होती.

“सांगा ना.”

“मंग... मंग नाही दुखत, मॅडम. मंग मी कोसभर चालते.” आणि घाईघाईनं म्हणाली, “पण पह्यले दुखते. खरंच दुखते.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “लहानपणापासून असंच?”

“व्हय.”

“आणि हे तुम्ही आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?”

“कोणी इचारलंच नाही.”

मॅडम म्हणाल्या, “ताई, तुम्ही जे आत्ता सांगितलंत ना, ते एका आजाराचं लक्षण आहे. पुस्तकात अगदी तसंच लिहिलेलं असतं.”

मी थक्क झाले. ज्या गोष्टीला सगळ्या गावानं नाटक म्हटलं, ती गोष्टच आजाराची खूण होती.

मॅडमनी समजावून सांगितलं. आपण खातो त्यातली साखर स्नायू स्वतःजवळ साठवून ठेवतात. एकदम जोर लावायची वेळ आली, की त्या साठ्यातली साखर सोडवून वापरतात. ती सोडवायला स्नायूत एक द्रव्य लागतं. काही माणसांच्या स्नायूत ते द्रव्य जन्मापासून नसतं. साठा भरलेला, पण वापरता येत नाही. मग जोर लावला की स्नायू उपाशीच काम करतो, आखडतो, फारच जोर लावला तर फुटतो. थोडं थांबलं, की रक्तातून साखर आणि चरबी पोचायला लागते आणि माणूस चालू शकतो.

“पण त्यांच्या मांडीचा तुकडा काढून पाहिला होता,” मी म्हटलं. “त्यात काही नव्हतं.”

“तो तुकडा नेहमीच्या औषधात बुडवून, नेहमीचा रंग देऊन पाहिलाय. त्यात हे द्रव्य दिसत नाही. त्यासाठी ताजा तुकडा लगेच गोठवावा लागतो आणि खास रंग द्यावा लागतो. तेव्हा कुणाच्या मनातच आलं नसेल. शोधलं नाही, म्हणून सापडलं नाही.” मग त्या म्हणाल्या, “तुकड्यात दोष दिसला नाही म्हणजे माणसाला दुखत नाही, असं नसतं. उलटही असतं. कधी तुकड्यात बदल दिसतात आणि त्या माणसाला काही त्रास नसतो. तुकडा एकटा बोलत नाही. माणसाचं ऐकून मग त्याच्याकडे बघायचं असतं.”

पुन्हा तुकडा काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. पण लगेच नाही. नुकत्या फुटलेल्या स्नायूच्या जागी नवा स्नायू येत असतो, त्यात तसंच दुसरं एक द्रव्य दिसतं आणि फसवतं. म्हणून पूर्ण भरून येईपर्यंत थांबायचं. आत्या थांबली. पण यावेळी ती खूश नव्हती. तुकडा काढायला आत नेताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “यातबी काही नाही निंगालं तं?”

तुकडा गोठवून बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. जनुकाच्या तपासणीसाठी रक्तही गेलं. निकाल आला त्या दिवशी आत्या, आजी, माझे वडील आणि मी, असे चौघं मॅडमसमोर बसलो होतो. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. दोन चित्रं होती शेजारी शेजारी. डावीकडच्या चित्रात जांभळ्या, गर्द रंगाचे ठिपके एकमेकांना चिकटून भरलेले. उजवीकडच्या चित्रात तसेच ठिपके, पण फिके. रंग चढलेलाच नव्हता. धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे.

“हे डावीकडचं निरोगी माणसाचं. हे तुमचं.”

आत्या पुढं वाकली. “माहं कोरं हाये?”

“हो. ते द्रव्य तुमच्यात नाही. आणि कडेला हे पोकळ कप्पे दिसतात ना? तिथं ती न वापरलेली साखर साठलीय. रक्ताच्या तपासणीतही तेच आलंय.”

“म्हणजे दुखत होतं?”

“खूप दुखत असणार, ताई.”

मला वाटलं, आत्या रडेल, नाहीतर हसेल. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. ती त्या पडद्याकडे बघत राहिली, तोंड थोडं उघडं, कुणी थोबाडीत मारल्यासारखी. माझ्या वडिलांनी डोक्याला हात लावला होता.

मॅडमनी आजीला विचारलं, “आजी, तुमचं लग्न नात्यातलं का?”

“व्हय. मी ह्यायच्या मामाची पोरगी.”

“मग असू शकतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही दोष एकत्र आले, की हा आजार होतो. तुम्हा दोघांना काही त्रास होत नाही. यात कुणाची चूक नाही. घरात आणखी कुणाला असं होतं का? किंवा पूर्वी कधी झालं होतं का?”

वडिलांनी मान हलवली, “नाही.”

आणि आजी बोलली. पडद्याकडे न बघता, स्वतःच्या हातांकडे बघत.

“रुख्मीची बी काळीच झाली होती.”

माझे वडील वळले. “काय म्हणतं, माय?”

रुख्मिणी ही त्यांची सगळ्यांत थोरली बहीण. लग्नाच्या आधीच वारली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा फोटोसुद्धा नाही. आजी सांगत गेली. दुष्काळाच्या साली रोजगार हमीचं मातीकाम निघालं होतं. रुख्मिणीलाही लवकर दम लागायचा, ती पण बसायची. मुकादम ओरडायचा. एके दिवशी तिनं न बसता दिवसभर टोपली उचलली. संध्याकाळी घरी येऊन पडली. लघवी काळी झाली, मग व्हायचीच बंद झाली. अंग सुजलं. कुणी म्हणालं कावीळ, कुणी म्हणालं करणी. मांत्रिक झाला, पाला झाला. चार-आठ दिवसांत पोरगी गेली.

“मले त्या दिवशी न्हाणीत थेच दिसलं,” आजी म्हणाली. “तोच रंग. मी कोणाले नाही बोलली. बोलली असती तं हे बी गेली असती, असं वाटलं.”

वडील उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. आत्या आजीकडे अशी बघत होती, जणू ही बाई कोण ते तिला ओळखू येत नव्हतं.

“मॅडम, रुख्मीआक्काले बी हेच होतं?” तिनं विचारलं.

“आज खात्रीनं नाही सांगता येणार, ताई. तपासायला काही उरलेलं नाही. पण आजींनी सांगितलं ते सगळं तसंच आहे.”

घरी जाऊन वडिलांनी आबांना सांगितलं. आधी त्यांना ते खरंच वाटेना. “मशीन चुकली असन,” म्हणाले. “एवढ्या वर्षांनी काय निंगते?” वडिलांनी रुख्मिणीचं नाव काढलं, तसा आबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “रुख्मीले मातीवर मीच धाडलं होतं. तिची माय नाही म्हणत होती.” आणि जेवणाच्या ताटावरून उठून गेले.

मांडीची जखम भरून आत्या पुन्हा चालायला लागल्यावर एक दिवस मला म्हणाली, “मले पातूरले घेऊन चाल.”

“कायले, आत्या?”

“त्यायले सांगते ना. मी खोटी नव्हती म्हणून.”

मला ते बरोबर वाटलं नाही, पण तिला नाही म्हणवेना. किशोरकाकांची आई जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, मुलं होती. ते आम्हाला पातूरच्या आठवडी बाजारात भेटले, वांग्यांच्या ढिगामागं बसलेले. केस पांढरे झाले होते. आत्याला त्यांनी लगेच ओळखलं आणि गिऱ्हाइकाला देत असलेली वांगी तशीच तागडीत राहिली.

“बरी हायेस का?” त्यांनी विचारलं.

आत्यानं पाठ करून आणल्यासारखं सगळं सांगितलं. कोणतं द्रव्य नाही, कसं आखडतं, दुसऱ्या तुकड्यात काय दिसलं. शेवटी म्हणाली, “तुमच्या मायनं गल्लीभर सांगतलं, काही नाही निंगालं. निंगालं आता. मी अंगचोर नव्हती.”

किशोरकाका खाली बघत म्हणाले, “मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तू खोटी नव्हती थे. त्या दिवशी हापशीवर तुही बोटं मी सोडवली. दोन्ही हातानं जोर लावला तरी उघडेनात. अंदरून लोखंड झाल्यावानी होतं. असं नाटक कोणाले करता येते? मले तवाच समजलं.”

मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडमच्या खोलीत बसलेला धक्का याच्यापुढं काहीच नव्हता.

“मंग बोलला काहून नाही?”

“मायपुढं कोण बोलते? अन् मंग तो रिपोर्ट आला. मनलं, डाक्तरच म्हणते तं...”

बाजारात लोक ये-जा करत होते. एक बाई येऊन वांगी उलटीपालटी करून गेली. आत्या हळू आवाजात म्हणाली, “तुमाले तुमच्या हातानं समजलं होतं. अन् मले दोनदा मांडी फाडून घ्या लागली.”

किशोरकाकांनी तागडीतली वांगी एकेक करून ढिगात परत ठेवली. आम्ही निघालो. एसटीत अकोला येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा काही विचारायला गेले आणि तिनं हातानंच थांबवलं.

या आजाराला औषध नाही. जगायची रीत मात्र आहे, ती मॅडमनी तिला शिकवली. एकदम जोर लावायचा नाही, वजन उचलायचं नाही. काम हळू सुरू करायचं, अंग आखडलं तर थांबायचं, मग पुढं. रोज थोडं चालायचं. लघवीचा रंग बदलला तर घरच्या कुणाचंही न ऐकता दवाखाना गाठायचा. आत्या आता घरीच असते, पूर्वीसारखीच हार गुंफते, बाजाराचा हिशेबही बघते. डालं उचलायला कुणी तिला सांगत नाही. काही बाया अजूनही म्हणतात, की असा कुठं आजार असतो का. तिला त्याचं आता फार वाटत नाही. पण कधी कधी हार गुंफता गुंफता तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, “रुख्मीआक्का किती उंच होती वं? मले तिचं तोंडच आठवत नाही.”

या उन्हाळ्यात तिला मॅडमना दाखवायला आणायचं होतं. यावेळी आबा म्हणाले, मी येतो. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. अमरावतीला ते कित्येक वर्षांत आले नव्हते. मॅडमच्या खोलीत ते पांढरं धोतर, टोपी असे खुर्चीच्या टोकावर बसले. मॅडमनी आत्याला तपासलं, रक्ताचे आकडे पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाल्या. आम्ही उठणार, एवढ्यात आबा उभे राहिले. त्यांनी वाकून धोतर मांडीपर्यंत वर घेतलं आणि मांडी मॅडमसमोर पुढं केली. उन्हानं रापलेल्या पायावर वरच्या बाजूची कातडी गोरी, सुरकुतलेली होती.

“इथून काढा,” ते म्हणाले.

मॅडमना कळेना. “काय काढू, बाबा?”

“तुकडा. पोरीचा दोनदा काढला ना? माहा बी काढा. माह्यातनंच गेलं म्हणते ना तिच्यात. पाहा तं खरं, अंदर काय हाये माह्या.”

“बाबा, त्याची गरज नाही. तुमच्यात अर्धाच दोष आहे, तो तुकड्यात असा दिसणारही नाही. आणि तुम्हाला दुखत कुठं आहे?”

“दुखते,” आबा म्हणाले. “तुमी काढा.”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. आत्या जागच्या जागी थिजून उभी होती. जन्मभरात तिनं आपल्या बापाला असं कुणापुढं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मग ती पुढं झाली, खाली वाकली, आबांच्या मुठीतून धोतर सोडवून घेतलं आणि घोट्यापर्यंत नीट खाली केलं.

“झाकून घ्या, बाबा,” ती म्हणाली. “चला. गाडी भेटणार नाही मंग.”

त्यांचा दंड धरून ती त्यांना हळूहळू दाराकडे घेऊन गेली.